पद सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरचे, काम डेव्हऑप्सचे: आहे त्या खुर्चीत बसून हे साधेल का?

चाकण_लिनक्स (प्रश्न)

नमस्कार. चाकणजवळच्या, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी गेली ११ वर्षे सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून काम करतो. मी आणि माझे एक ज्येष्ठ सहकारी मिळून ६२ लिनक्स सर्व्हर सांभाळतो. त्यांपैकी बहुतेक व्हर्च्युअल आहेत, डेटाबेसचे चार मात्र स्वतंत्र मशिनवर चालतात. पॅचिंग, बॅकअप, नवीन कर्मचाऱ्यांची खाती, डिस्क भरली की जागा मोकळी करणे आणि दर दुसऱ्या शनिवारी रात्री गोदामाच्या ॲप्लिकेशनची नवी आवृत्ती चढवणे, असे आमच्या कामाचे स्वरूप आहे.

हे ॲप्लिकेशन आमच्याच कंपनीतील नऊ डेव्हलपरांची टीम लिहिते. शनिवारी दुपारी त्यांच्याकडून मेलने एक झिप फाइल येते आणि तिच्यासोबत एक वर्ड फाइल येते, जिच्यात २३ पायऱ्या लिहिलेल्या असतात. रात्री १० वाजता गोदामाचे काम थांबले की मी त्या पायऱ्या एकेक करून चालवतो. गेल्या महिन्यात त्या वर्ड फाइलमध्ये चाचणीच्या डेटाबेसचा पत्ता चुकून तसाच राहिला होता. मी तो वाचला, कॉपी केला आणि पुढच्या पायरीवर गेलो. गोदाम पुन्हा सुरू झाल्यावर सुमारे ४० मिनिटे मालाच्या नोंदी चाचणीच्या डेटाबेसमध्ये जात राहिल्या आणि त्या शोधून खऱ्या डेटाबेसमध्ये बसवण्यात आमचा सगळा रविवार गेला. मला कोणी बोलले नाही. तरी तो पत्ता माझ्या डोळ्यांखालून गेला होता आणि मला तो खटकला नाही, ही गोष्ट अजून मनातून जात नाही.

या प्रसंगानंतर मी डेव्हऑप्सविषयी, म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणारे आणि ते सर्व्हरवर चालवणारे यांनी मिळून काम करण्याच्या पद्धतीविषयी, वाचू लागलो आणि हेच काम आपल्याला करायचे आहे, असे प्रथमच ठामपणे वाटले. परंतु आमच्या कंपनीत त्या नावाचे पदच नाही. साहेबांना विचारले तेव्हा ते म्हणाले की पद देणे माझ्या हातात नाही, पण तुझ्या कामात तू ज्या सुधारणा करशील त्यांना माझी आडकाठी नाही. पुण्यात दोन ठिकाणी प्रशिक्षण वर्गांची चौकशी केली. दोन्हीकडे डॉकर, कुबरनेटिस, जेनकिन्स, टेराफॉर्म आणि एडब्ल्यूएस अशी साधनांची यादी हातात दिली गेली, आणि आमच्याकडे यांपैकी एकही वस्तू वापरात नाही. बॅश, म्हणजे लिनक्सच्या आज्ञा लिहिण्याची भाषा, मला चांगली येते, पायथन वाचता येते पण सहज लिहिता येत नाही. घरी दोन लहान मुले असल्यामुळे अभ्यासाला रोज फार तर एक तास मिळतो.

नोकरी न बदलता आणि पदनाम न बदलता मला हे काम खरोखर सुरू करता येईल का, आणि येत असेल तर सुरुवात नेमकी कुठून करावी, हे अनुभवी मंडळींकडून जाणून घ्यायचे आहे.

रात्रपाळी (उत्तर)

नमस्कार. सुरू करता येईल, आणि सुरुवात कुठून करायची हे तुम्ही स्वतःच लिहिले आहे. ती २३ पायऱ्यांची वर्ड फाइल हाच तुमचा पहिला प्रकल्प आहे.

मी आज पुण्यात रिलायबिलिटी इंजिनिअर, म्हणजे सेवा अखंड चालू ठेवणारी अभियंता, म्हणून काम करते, पण या कामाची पहिली अडीच वर्षे माझ्या पगारपत्रकावर 'सिनिअर सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर' असेच छापून येत होते. म्हणून आधी या शब्दाचा उगम सांगते, कारण तुमच्या मनातली पदाची अडचण त्याने बरीच हलकी होईल. २००९ च्या जूनमध्ये अमेरिकेत सॅन होजे येथे भरलेल्या व्हेलॉसिटी परिषदेत जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी, फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळाच्या कंपनीत डेव्हलपर आणि ऑपरेशन्सची माणसे मिळून दिवसातून दहा किंवा त्याहून अधिक वेळा नवी आवृत्ती कशी चढवतात, यावर भाषण केले. त्यातून प्रेरणा घेऊन पॅट्रिक डेब्वा यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेल्जियमच्या गेंट शहरात 'डेव्हऑप्सडेज' नावाचा मेळावा भरवला आणि तेथून हा शब्द रूढ झाला. म्हणजे मुळात ते एका मेळाव्याचे नाव होते. डेव्हलपर आणि ॲडमिनिस्ट्रेटर यांनी एकमेकांचे काम आपले मानावे, यावर बोलण्यासाठी तिथे माणसे जमली होती. त्या नावाची पदे जाहिरातींतून दिसू लागली ती नंतर.

आता त्या वर्ड फाइलकडे वळू. फाइलींतला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या गिट या साधनात एक रिपॉझिटरी, म्हणजे फाइलींचा साठा, तयार करा आणि ती फाइल साध्या मजकुराच्या रूपात तिच्यात ठेवा. पहिल्या आठवड्यात याहून अधिक काहीही करू नका. पुढच्या रिलीजच्या, म्हणजे नवी आवृत्ती चढवण्याच्या, वेळी डेव्हलपरांना विनंती करा की मेलने नवी फाइल पाठवण्याऐवजी त्यांनी याच फाइलमध्ये बदल करावेत. मग मागच्या वेळेपेक्षा या वेळी नेमके काय बदलले, हे तुम्हाला २३ पायऱ्या पुन्हा न वाचता दोन-तीन ओळींत दिसेल. चाचणीच्या डेटाबेसचा पत्ता तुमच्या नजरेतून निसटला तो २३ पायऱ्यांच्या गर्दीत. बदललेल्या तीन ओळींत तो एकटा समोर आला असता, तर तुम्ही नक्की थांबला असता.

दुसरी पायरी अ‍ॅन्सिबलची. अनेक सर्व्हरची मांडणी एकाच ठिकाणाहून करणारे ते साधन आहे, आणि त्याला द्यायच्या सूचनांच्या फाइलीला प्लेबुक म्हणतात. इथे मी माझा एक अनुभव थोडा सविस्तर सांगते, कारण माझी या कामाकडे पाहण्याची दृष्टी त्या एका दुपारी बदलली. आमच्याकडे तेव्हा ३८ ॲप्लिकेशन सर्व्हर होते आणि ते सगळे एकसारखे आहेत, असे आम्ही सर्वजण मानत होतो. मी पहिले प्लेबुक लिहिले ते अगदी किरकोळ कामाचे होते: वेळ जुळवणाऱ्या क्रोनी सेवेची कॉन्फिग फाइल सर्व सर्व्हरवर सारखी असावी, एवढेच. ते खरोखर चालवण्याची भीती वाटत होती, म्हणून चेक मोडमध्ये, डिफचा (फरक दाखवण्याचा) पर्याय लावून चालवले, म्हणजे काहीही न बदलता, चालवले असते तर काय बदलले असते तेवढे ते दाखवते. हिरव्या ओळी येत राहिल्या आणि मधेच पिवळ्या दिसू लागल्या. ३८ पैकी ११ सर्व्हर वेगळे निघाले. त्यांपैकी तीन सर्व्हर एका अशा टाइम सर्व्हरकडे वेळ विचारत होते, जो आम्ही केव्हाच भंगारात काढला होता, आणि त्या तिघांपैकी एकाचे घड्याळ तब्बल चार मिनिटे मागे पडले होते. त्या सर्व्हरचे लॉग इतरांच्या लॉगशी जुळत नाहीत, अशी तक्रार डेव्हलपर वर्षभर करत होते आणि आम्ही दर वेळी तुमच्या कोडमध्ये पाहा म्हणून त्यांना परत पाठवत होतो. त्या संध्याकाळी मी त्यांच्या मजल्यावर जाऊन स्क्रीनवरचा तो फरक दाखवला आणि चूक आमची होती हे सांगितले. त्यानंतर त्या टीमशी आमचे बोलणे ज्या मोकळेपणाने सुरू झाले, तसे आधीच्या कोणत्याही बैठकीने झाले नव्हते.

तो बदल आधी एका सर्व्हरवर, मग पाचांवर आणि मग उरलेल्यांवर लावला. नंतर तेच प्लेबुक पुन्हा चालवले तेव्हा बदललेल्या गोष्टींची संख्या सर्वत्र शून्य आली. हा शून्य फार महत्त्वाचा आहे. आपण बॅशमध्ये फाइलच्या शेवटी ओळ जोडणारी स्क्रिप्ट लिहितो आणि ती चुकून दोनदा चालली की ओळ दोनदा येते. प्लेबुकमध्ये आपण कृती लिहीत नाही, अपेक्षित स्थिती लिहितो, त्यामुळे ते कितीही वेळा चालवले तरी परिणाम एकच राहतो. ही कल्पना आपल्याच व्यवसायातून आलेली आहे. मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये ऑस्लो विद्यापीठात सीएफइंजिन लिहिले ते तिथली मशिन सांभाळण्यासाठी. पपेट हे त्याच प्रकारचे साधन २००५ मध्ये आणि अ‍ॅन्सिबल २०१२ मध्ये आले, तेव्हा ही वाट जुनी झाली होती. एक सावधगिरी मात्र बाळगा. प्लेबुकमध्ये शेल किंवा कमांड हे मोड्यूल, म्हणजे थेट आज्ञा चालवण्याची सोय, वापरून लिहिलेली कामे चेक मोडमध्ये सहसा वगळली जातात, त्यामुळे सगळी जुनी स्क्रिप्ट तशीच्या तशी आत कोंबली तर चेक मोडचे चित्र अपुरे मिळेल.

पासवर्ड रिपॉझिटरीत उघडा ठेवू नका. त्यासाठी अ‍ॅन्सिबलचे व्हॉल्ट, म्हणजे गुप्त माहिती कुलूपबंद ठेवण्याची सोय, वापरा, आणि चुकून कधी उघडा गेलाच तर ती ओळ खोडून भागत नाही, कारण गिटच्या इतिहासात तो राहतो. तो पासवर्ड बदलावाच लागतो.

कुबरनेटिससाठी, म्हणजे ॲप्लिकेशन अनेक मशिनवर वाटून चालवणाऱ्या व्यवस्थेसाठी, आज तुमचा रोजचा एक तास खर्च करू नका. ६२ सर्व्हर आणि एक मुख्य ॲप्लिकेशन यांच्यासाठी त्याची गरज नाही, आणि जे रोज हाताळायला मिळत नाही ते वर्गात शिकून टिकत नाही, असा माझा अनुभव आहे. डॉकर, म्हणजे कंटेनर बनवण्याचे व चालवण्याचे साधन, मात्र सावकाश पाहून ठेवा. कंटेनर म्हणजे नेमस्पेस आणि सीग्रुप या लिनक्स कर्नलच्या सोयी वापरून वेगळी ठेवलेली साधी प्रोसेस असते, आणि ११ वर्षे प्रोसेस, माउंट, पोर्ट व परवानग्या हाताळलेल्या माणसाला ती समजायला जड जात नाही.

शेवटची विनंती: आजपासूनच एका वहीत प्रत्येक रिलीजच्या चार गोष्टी लिहून ठेवा. आवृत्ती किती दिवसांनी चढली, कोड तयार झाल्यापासून तो प्रॉडक्शनला, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरवर, पोचायला किती वेळ गेला, चढवल्यामुळे बिघाड झाला का, आणि झाला असल्यास सेवा पूर्ववत व्हायला किती वेळ लागला. डोरा या संशोधन गटाने याच चार मोजमापांवर टीमची कामगिरी तपासण्याची पद्धत रूढ केली आहे. सहा महिन्यांनी साहेबांपुढे बसाल तेव्हा ही वही सोबत असू द्या.

ऐरोली_ऑप्स (उत्तर)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मी नवी मुंबईत एका बँकेच्या डेटा सेंटरमध्ये काम करतो, आणि जिथे नियम कडक आहेत तिथे हे कसे साधते, यावर थोडे लिहावेसे वाटते, कारण 'आमच्याकडे ऑडिट असते, आम्हाला हे जमणार नाही' असे म्हणून अनेक जण वाटेवरूनच परत फिरतात.

आमच्याकडे ज्याने कोड लिहिला त्याने तो स्वतः प्रॉडक्शनवर चढवू नये, असा दंडक आहे आणि तो योग्यच आहे. पूर्वी त्याची अंमलबजावणी अशी व्हायची की डेव्हलपरने फाइल द्यायची, ॲडमिनिस्ट्रेटरने ती चढवायची आणि पुरावा म्हणून प्रत्येक पायरीचे स्क्रीनशॉट तिकिटाला जोडायचे. एका रिलीजला साठ-सत्तर स्क्रीनशॉट जोडल्याचे मला आठवते. आता बदल एक जण लिहितो, दुसरा वाचून मंजूर करतो आणि मंजुरी मिळाल्याशिवाय पाइपलाइन, म्हणजे नवी आवृत्ती आपोआप चढवणारी साखळी, पुढे सरकत नाही. चेंजचे तिकीट पूर्वीप्रमाणेच काढावे लागते, त्यात त्या मंजुरीची लिंक असते. ऑडिटच्या मंडळींनी पहिल्या वेळी बरेच प्रश्न विचारले, परंतु कोणी, केव्हा, काय बदलले आणि कोणी मंजूर केले हे एकाच ठिकाणी ओळीनिशी दिसल्यावर त्यांनीच इतर विभागांत या पद्धतीची शिफारस केली. स्क्रीनशॉटमध्ये काय चालवले ते दिसायचे, ते का चालवले हे कधीच दिसत नसे.

प्रश्नकर्त्यांना मी दुसरे एक काम सुचवतो, जे तुमच्याकडे नक्की असेल आणि ज्यासाठी साहेबांची समजूत घालावी लागणार नाही. ते म्हणजे टीएलएस प्रमाणपत्रे, संकेतस्थळाची ओळख पटवणारी मुदतीची डिजिटल प्रमाणपत्रे. ब्राउझर कंपन्या आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था यांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये ठराव करून सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने घटवली आहे. पूर्वी ती ३९८ दिवस होती. १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस, असे ते टप्पे आहेत. तुमच्याकडे अशी ३० प्रमाणपत्रे असतील, तर ४७ दिवसांच्या मुदतीत वर्षाला सुमारे २४० नूतनीकरणे होतील. एक्सेलमध्ये तारखा लिहून आणि मेलची आठवण लावून हे काम हाताने करणे अशक्य आहे. कंपनीच्या अंतर्गत प्रमाणपत्रांना हा ठराव लागू होत नाही, तरी तीही त्याच व्यवस्थेत आणलेली बरी.

मी पूर्वी जिथे काम करत होतो, तिथे सुट्टीच्या दिवशी सकाळी ग्राहकांचे लॉगिन अचानक बंद पडले. सर्व्हर चालू होते, डेटाबेस चालू होता, नेटवर्क ठीक होते. दीड तासाने कोणाच्या तरी लक्षात आले की मधल्या एका गेटवेचे प्रमाणपत्र रात्री १२ वाजता संपले आहे. त्याची आठवण ज्या मेलवर लावली होती, ती व्यक्ती चार महिन्यांपूर्वीच नोकरी सोडून गेली होती. त्या प्रसंगानंतर मी पहिले स्वयंचलित काम लिहिले. रोज सकाळी प्रत्येक पत्त्याला जोडून, प्रमाणपत्र संपायला किती दिवस उरले आहेत ते मोजायचे आणि ३० पेक्षा कमी असतील तर व्यक्तीच्या नावे मेल न पाठवता टीमच्या रांगेत तिकीट काढायचे. नूतनीकरण आपोआप होण्याची सोय त्यानंतर वर्षभराने आली. पण नुसत्या मोजण्यानेही रात्रीची झोप परत मिळाली. तेव्हाही मी पदाने सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरच होतो.

मुलाखतीच्या_पलीकडून (उत्तर)

पदनामाला काहीच महत्त्व नाही, असे म्हणणे मला पूर्ण पटत नाही, म्हणून दुसरी बाजू मांडतो. गेली सहा वर्षे मी या कामासाठी माणसे निवडतो. पगाराची श्रेणी पदनामावरून ठरते आणि नोकरीच्या संकेतस्थळावर पहिली चाळणी शब्दांवरच लागते, हे वास्तव आहे. चांगले काम करूनही केवळ पदनामामुळे माझ्यापर्यंत न पोचलेली माणसे मी पाहिली आहेत आणि त्याचे मला वाईट वाटते.

तरीही बायोडेटात पदनाम बदलून लिहू नका. रुजू होण्याआधीच्या पडताळणीत अनुभवपत्र आणि पगारपत्रके तपासली जातात, आणि तिथे विसंगती आढळली तर उत्तम मुलाखत देऊनही निवड रद्द होते. पदनाम जसे आहे तसे ठेवून त्याच्या खालच्या ओळी बदला. '६२ लिनक्स सर्व्हरची देखभाल' या ओळीवरून मला काही कळत नाही. '२३ हस्तचलित पायऱ्यांचे रिलीज अ‍ॅन्सिबलमध्ये आणले आणि चुकीचा डेटाबेस निवडला गेल्यास ते आपोआप थांबेल अशी तपासणी बसवली' ही ओळ वाचली की मी त्या उमेदवाराला बोलावतोच. मुलाखतीत माझा पहिला प्रश्न साधनांविषयी नसतो. शेवटचा बिघाड कोणता झाला, तो कसा सापडला आणि तो पुन्हा होऊ नये म्हणून काय केले, एवढे मी विचारतो आणि पुढचा अर्धा तास ऐकतो. तुमच्या त्या रविवारची हकिगत तुम्ही इथे जितक्या प्रामाणिकपणे लिहिली, तितक्याच प्रामाणिकपणे तिथे सांगा.

पदामागे धावताना एक धोका मात्र ओळखून ठेवा. 'डेव्हऑप्स इंजिनिअर' या नावाने निघालेल्या कित्येक जागांवर प्रत्यक्षात दिवसभर डेव्हलपरांच्या तिकिटांवरून जेनकिन्स या स्वयंचलन साधनाचे बटण दाबण्याचे काम असते. तिथे दोन टीम्समधली भिंत तशीच असते आणि तिच्या मध्यभागी तुम्हाला उभे केलेले असते. म्हणून मुलाखतीत तुम्हीही विचारा की रात्री २ वाजता सेवा बंद पडली तर कोणाला उठवले जाते, त्यात कोड लिहिणारे असतात का, आणि हाताने करावे लागणारे काम कमी करण्यासाठी आठवड्यातला किती वेळ राखून ठेवला जातो. गूगलने २००३ मध्ये बेन ट्रेनर स्लॉस यांच्याकडे जी एसआरई (साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंग) टीम सोपवली, तिच्यात पुढे असा नियम रुजला की अशा रोजच्या कामात निम्म्याहून अधिक वेळ जाऊ नये आणि उरलेला वेळ ते काम कायमचे कमी करणाऱ्या अभियांत्रिकीला मिळावा. तुमच्या संभाव्य कंपनीत तो आकडा निम्मा नसेल, पण त्यावर कोणी विचार तरी केला आहे का, हे उत्तरावरून समजते.

चाकण_लिनक्स (प्रश्नकर्ता, सात आठवड्यांनंतर)

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे सुरुवात केली आणि तीन रिलीज या नव्या पद्धतीने पार पडले, म्हणून काय घडले ते इथे नोंदवतो.

पहिल्या आठवड्यात वर्ड फाइल गिटमध्ये आणली. ती मजकुराच्या रूपात आल्यावर एका डेव्हलपर ताईंनी ती प्रथमच सलग वाचली आणि विचारले की सेवा दोनदा रीस्टार्ट का करता. मी म्हणालो की तुमच्या फाइलमध्ये तसे लिहिलेले असते. त्या म्हणाल्या की जुन्या आवृत्तीत एक दोष होता म्हणून ते लिहिले होते, तो दोष काढून दोन वर्षे झाली. म्हणजे दोन वर्षे ते लिहीत राहिले आणि मी चालवत राहिलो. असे करत २३ पायऱ्यांच्या १६ झाल्या, त्याही प्लेबुक लिहिण्याआधीच.

पहिल्या रिलीजला प्लेबुक फक्त फाइली कॉपी करण्यापुरते वापरले. दुसऱ्या रिलीजला सेवा रीस्टार्ट करण्याचे कामही त्यात घातले आणि तिथे चूक झाली. प्लेबुकने दोन्ही ॲप्लिकेशन सर्व्हर एकाच वेळी रीस्टार्ट केले आणि ॲप्लिकेशन तीन मिनिटे पूर्ण बंद राहिले. हाताने करताना मी नकळत एकानंतर दुसरा असा क्रम पाळत होतो, पण तो कुठेही लिहिलेला नव्हता. आता 'सिरियल'चे, म्हणजे एका वेळी किती सर्व्हर हाताळायचे त्याचे, मूल्य एक ठेवले आहे आणि पहिल्या सर्व्हरचे आरोग्य तपासणारे पान नीट उत्तर देत नाही तोवर दुसऱ्याला हात लागत नाही. तिसऱ्या रिलीजला सर्वांत आधी डेटाबेसचा पत्ता तपासणारी पायरी घातली. चाचणीच्या डेटाबेसचे नाव मुद्दाम टाकून पाहिले, तर प्लेबुक तिथेच थांबले. त्या लाल ओळीकडे मी बराच वेळ पाहत बसलो होतो. ते रिलीज ५० मिनिटांत झाले. पूर्वी त्याला अडीच तास लागत असत, आणि वहीत दोन्ही नोंदी आहेत.

प्रमाणपत्रांचीही मोजणी केली. आमच्याकडे १४ सार्वजनिक प्रमाणपत्रे निघाली, त्यांतली दोन आम्हाला माहीतच नव्हती.

आता एक अडचण विचारतो. माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना गिट आवडत नाही. ते २० वर्षे या कामात आहेत आणि तातडीच्या वेळी थेट सर्व्हरवर जाऊन फाइल बदलतात. मागच्या आठवड्यात त्यांनी एका सर्व्हरवर एकाच वेळी उघडता येणाऱ्या फाइलींची मर्यादा वाढवली होती आणि माझ्या प्लेबुकने ती पुन्हा जुन्या आकड्यावर आणली. संध्याकाळी तो सर्व्हर अडकला. ते मला काही बोलले नाहीत, पण दुखावले गेले आहेत. त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा आहे आणि मला त्यांना वगळून हे काम करायचे नाही.

रात्रपाळी (उत्तर)

तीन मिनिटांच्या त्या बिघाडाची नोंद वहीत ठेवलीत, याचे मला विशेष वाटते.

तुमच्या सहकाऱ्यांनी केलेला बदल बरोबर होता आणि तुमच्या प्लेबुकमधला आकडा जुना होता, असे या प्रसंगातून दिसते. म्हणून आधी त्यांच्याकडे जाऊन हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा.

त्यानंतर व्यवस्थेत एक बदल करा. प्लेबुक सर्व सर्व्हरवर सरसकट लावण्यापूर्वी दर वेळी चेक मोडमध्ये चालवा. शिवाय रोज सकाळी ७ वाजता क्रॉन या ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सोयीतून ते चेक मोडमध्येच चालू द्या आणि जो फरक दिसेल तो तुम्हा दोघांनाही मेलने येऊ द्या. तो फरक पाहून लगेच काहीही जुन्या स्थितीत आणू नका. प्रत्यक्ष सर्व्हरवर काही वेगळे आढळले, तर ते कोणीतरी काही कारणाने केले असणार, असे धरून चालायचे. चहाच्या वेळी त्यांच्याशेजारी बसून विचारा की काल हा आकडा का वाढवावा लागला. ते जे सांगतील ते बदलाच्या संदेशात त्यांच्याच शब्दांत लिहा. गिटमध्ये बदल नोंदवणारा आणि बदलाचा लेखक अशी दोन वेगळी नावे ठेवता येतात. नोंद तुम्ही केली, तरी लेखकाच्या जागी त्यांचे नाव घाला. फाइलींच्या मर्यादेच्या त्या बदलापासून सुरुवात करा आणि ती ओळ इतिहासात त्यांच्या नावाने आली की त्यांना ती स्क्रीनवर दाखवा.